शांताक्काच्या घराचा पट्टा

सास्तूर आणि आसपासच्या दहा-बारा गावांत कुणी नवं घर बांधलं, की घरभरणीची तारीख धरायच्या आधी लोक एकमेकांना एकच गोष्ट विचारतात, अक्का पाणी प्याली का? ही अक्का म्हणजे शांताक्का. वय एकसष्ट, अंगानं काटक, आवाज असा की गल्लीच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाची कुत्री उठून बसतात. कुणी नव्या घरात बोलावलं की ती आधी सगळं घर तपासते, आणि ते मनास येईपर्यंत तिथल्या पाण्याच्या थेंबालाही शिवत नाही. मे महिन्यात उन्हानं जीव कासावीस झाला तरी नाही. सगळं पटलं, की उंबऱ्यात बसून तांब्याभर पाणी घटाघटा पिते आणि घरमालकाचा जीव भांड्यात पडतो.

तिची हत्यारं एका कापडी पिशवीत मावतात. एक ओळंबा, एक लहान हातोडी, समपातळी बघायची पाण्याची नळी आणि नातवाकडून कायमची उसनी घेतलेली काचेची गोटी. ओळंब्यानं भिंत सरळ आहे का ते बघायचं, गोटीनं फरशीचा उतार, आणि हातोडीनं बाकी सगळं. भिंतीवर हलकेच ठोकत जायचं आणि कान देऊन ऐकायचं. आत माल भरलेला असला तर आवाज खणखणीत येतो, पोकळ असलं तर बद्द. शिकलेले इंजिनिअर यावर हसतात. शांताक्काचं म्हणणं असं, की कलिंगड घेताना तेही टिचकी मारूनच घेतात, तेव्हा नाही कुणी हसत.

हे शिकण्याचं कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. त्र्याण्णवच्या भूकंपात तिचा नवरा वीरप्पा आणि नऊ वर्षांची मुलगी गेली. ती स्वतः वाचली ती म्हशीमुळं. म्हैस व्यायला झाली होती म्हणून ही पहाटे उठून गोठ्यात गेली होती आणि गोठ्यावर पत्रा होता. घर दगडमातीचं, भिंती दोन-दोन हात जाड आणि वर मातीच्या माळवदाचा सगळा भार. ते एका दमात खाली बसलं. दोन वर्षांचा मुलगा शिवानंद तेवढा ढिगाऱ्यातून जिवंत निघाला. पुढं सहा महिन्यांनी एका संस्थेची माणसं गावात आली. घरांच्या कामावर लक्ष ठेवायला गावातल्याच दोन बाया शिकवून तयार करायच्या, असं त्यांचं म्हणणं होतं. पारावरची मंडळी पोट धरून हसली. शांताक्का त्या वेळी तिशीतली विधवा, डोक्यावरचा पदर खाली न येऊ देणारी. ती उठून म्हणाली, मी येते. का, असं विचारल्यावर म्हणाली, भिंत का पडली ते मला कळून घ्यायचंय.

कळलं ते तिनं मग उभ्या तालुक्याला ऐकवलं. जाड भिंत म्हणजे भक्कम भिंत नव्हे. चारी भिंतींना एकत्र धरून ठेवणारं काहीतरी लागतं. दारं-खिडक्यांच्या डोक्यावरून लोखंड आणि काँक्रीटचा पट्टा घरभर सलग फिरला पाहिजे, कुठंही न तुटता. बायांना सांगताना ती म्हणायची, हा घराचा करदोडा आहे. तो तुटला की वरचं सगळं खाली. बायांना हे पटकन कळायचं. पुरुषांना समजायला दोनेक वर्षं लागली.

तिच्या तपासणीचे किस्से गावात चवीनं सांगतात. हिंमतरावांचा बंगला त्यातला सगळ्यात आवडता. हिंमतराव म्हणजे शेजारच्या गावचे साठ एकरांचे धनी. त्यांनी सोलापूरहून गवंडी आणून देवळासारखे खांब उभे केले होते. शांताक्कानं बैठकीत गोटी ठेवली. गोटी जी निघाली ती जेवणघर ओलांडून थेट मोरीत गेली. अक्कानं पदर सावरला, पाणी नको म्हणाली आणि एसटीनं घरी आली. हिंमतराव आठ दिवस फुगून बसले. मग फरशी उखडली तेव्हा खाली भरावच नीट ठोकून बसवलेला नव्हता, भुसभुशीत माती तशीच होती. काम नव्यानं झालं, आणि घरभरणीला हिंमतराव स्वतः जीप घेऊन तिला न्यायला आले. पहिलं ताट तिचं वाढलं होतं. ती गोष्ट ती आजही सांगते, आणि प्रत्येक वेळी गोटी थोडी जास्त लांब जाते.

अशी ही बाई. गेल्या वर्षी तिच्या स्वतःच्या घराची पाळी आली.

भूकंपानंतर मिळालेल्या दोन खोल्या आता पुरत नव्हत्या. शिवानंद तेहतीस वर्षांचा झाला होता. उमरग्याला त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, घरात बायको राजेश्वरी आणि दोन लेकरं. दोन खोल्यांच्या शेजारच्या मोकळ्या जागेत त्यानं घर काढलं. गवंडी कोण, यावर चर्चाच झाली नाही. ज्ञानोबा. ज्ञानोबा म्हणजे शांताक्काचा उजवा हात. भूकंपाच्या साली तो वीस वर्षांचा बिगारी होता. पट्टा कसा ओतायचा ते त्याला तिनंच पहिल्यांदा ओरडून शिकवलं, आणि मग तीस वर्षं दोघांनी मिळून कितीतरी घरं उभी केली. त्याच्या कामात आजवर तिला खोट सापडली नव्हती. सापडली नाही म्हणून ती अधूनमधून चिडायचीही.

पाया तिनं उभं राहून भरून घेतला. त्यानंतर गुडघ्यानं दगा दिला. सोलापूरला ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी अडीच महिने बहिणीच्या घरी बसवून ठेवलं. रोज संध्याकाळी फोन. विटा भिजवल्या का, पट्टा ओतला का, पाणी किती दिवस मारलं. शिवानंद न कंटाळता सगळं सांगायचा. पट्टा ओतल्याचा फोटोसुद्धा त्यानं पाठवला, आणि अक्कानं तो बहिणीच्या चष्म्यातून, मग स्वतःच्या चष्म्यातून, मग दोन्ही चष्मे लावून बघितला. सळया बरोबर होत्या, त्यांना आवळलेल्या रिंगा बरोबर होत्या. ती निर्धास्त झाली. पुढं शिवानंद म्हणाला, आता जास्त विचारू नको, एक गंमत आहे, आल्यावर बघ.

काठी टेकत ती गावात आली ती मंगळवारी. घरभरणी येत्या सोमवारी होती. पत्रिका वाटून झालेल्या, जंगम स्वामींना सांगून झालेलं, मंडपवाल्याला शब्द दिलेला. दहाच्या सुमारास ती नव्या घरासमोर रिक्षातून उतरली आणि समोरचं दार बघून जागीच थिजली.

दाराला जुन्या घराची चौकट बसवली होती.

सासऱ्यांच्या आज्यानं हौसेनं करून घेतलेली सागवानी चौकट, साडेसात फूट उंच, वरच्या पट्टीवर कोरलेला नंदी. भूकंपात सगळं घर बसलं आणि ही एकटी उभी राहिली होती. तिला तिथून काढून रानातल्या पत्र्याच्या शेडमध्ये आडवी ठेवली, त्याला तीस वर्षं झाली. आता तिला तासून, तेलपाणी करून चकचकीत केलं होतं. नंदीला विभूती लावली होती. शिवानंद चौकटीला हात लावून उभा होता आणि लहानपणी परीक्षेत पहिला नंबर आल्यावर हसायचा तसा हसत होता.

शांताक्कानं काठी घट्ट धरली आणि नजर खाली वळवली. शिवानंदला वाटलं, आईला आनंद झाला. राजेश्वरीलाही तसंच वाटलं असणार, कारण तिनं डोळे पुसले आणि लगबगीनं पाण्याचा तांब्या आणला. अक्कानं तो हातानं बाजूला सारला. आधी बघू दे, म्हणाली. स्वतःचंच घर, त्यात गवंडी ज्ञानोबा, आता कसली तपासणी, असं राजेश्वरी हसत म्हणाली. अक्का म्हणाली, स्वतःचं आहे म्हणूनच. एवढं बोलून तिनं पिशवी उघडली. खरं सांगायचं तर हाताला काहीतरी काम हवं होतं. तिला त्या चौकटीकडं बघायचं नव्हतं.

तिनं घर तपासलं. ओळंबा लावला, भिंती सुतात. गोटी ठेवली, ठेवली तिथंच राहिली. गच्चीच्या उताराला पाणी ओतायला लावलं, ते निमूट पन्हाळीकडं गेलं. खिडक्यांचे कोपरे, मोरीचा जोड, जिन्याच्या पायऱ्या, सगळं चोख. एरवी अशा वेळी ज्ञानोबा मागं मागं फिरून तिची थट्टा करायचा, अक्का, जरा जोरात ठोका, भिंत झोपली असंल. आज तो अंगणात वाळूच्या ढिगावर बसून होता. एकदा तिनं हाक मारून खिडकीबद्दल काही विचारलं, तर त्यानं उत्तर दिलं, पण नजर वर केली नाही. तिला ते खटकलं. तरी तिच्या मनात काही वेगळं आलं नाही. माणसाला घरची काळजी असू शकते.

शेवटी पट्टा. गुडघ्यामुळं गवंड्याच्या लाकडी घोडीवर चढता येत नव्हतं, म्हणून तिनं हातोडी काठीच्या टोकाला बांधली आणि आतल्या बाजूनं भिंतीच्या वरच्या अंगाला ठोकत निघाली. मागची भिंत, खणखण. देवघराची, खणखण. लेकरांच्या खोलीची, खणखण. मग समोरची भिंत. खण, खण, खण, आणि चौकटीच्या डोक्यावर आल्यावर आवाज बसला. तिनं परत ठोकलं. बद्द. चार बोटं पुढं, बद्द. चौकट संपली तशी पुन्हा खणखण.

इतक्या वर्षांत असा आवाज तिनं पन्नास घरांत ऐकला असेल. त्या घरमालकांना तिनं झापलंय, गवंड्यांना रडवलंय. आज तिला वाटलं आपला कान बिघडला. अडीच महिने सोलापूरच्या गोंगाटात राहून बिघडला असेल. तिनं राजेश्वरीला ठोकायला लावलं आणि डोळे मिटून ऐकलं. बद्द.

ती दारात आली आणि ज्ञानोबाला म्हणाली, "गिलावा फोड."

ज्ञानोबा उठला. एकही प्रश्न न विचारता घोडी लावली, छिन्नी घेतली आणि आठच दिवसांपूर्वी स्वतःच्या हातानं घोटून केलेला गिलावा फोडायला लागला. आत विटा निघाल्या. पट्ट्याच्या जागी विटा. दोन्ही बाजूंना काँक्रीट कापल्याच्या सपाट कडा, आणि त्यातून डोकावणारी सळयांची चकचकीत तोंडं. यंत्रानं कापलेली, सफाईदार. शांताक्का भिंतीला टेकली आणि लगेच दचकून बाजूला झाली, कारण ती तीच भिंत होती.

तिनं ज्ञानोबाला काय काय ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या दोन घरांतली माणसं बाहेर आली आणि ऐकून परत आत गेली. पट्टा ओतलेला असताना कापतोस, लोखंड कापतोस, वर विटा घालून लपवतोस, आणि तेही माझ्या घरात. परक्यानं केलं असतं तर समजले असते. ज्याला मी हाताला धरून शिकवलं त्यानं केलं. ज्ञानोबा घोडीवरून उतरला आणि मान खाली घालून उभा राहिला. एकावन्न वर्षांचा माणूस, पण शाळेत मार खाताना उभा राहावं तसा.

मग शिवानंद मध्ये पडला. त्याचं काही चुकलेलं नाही, मीच सांगितलं, म्हणाला. पट्टा ओतून झाल्यावर त्याला चौकटीची कल्पना सुचली होती. चौकट उभी केली तर डोकं वीतभर पट्ट्यात जात होतं. ज्ञानोबा दोन दिवस नाही म्हणाला. चौकटीचे पाय कापू, असंही म्हणाला. शिवानंदनं ऐकलं नाही. त्या चौकटीला करवत लावायची म्हणजे आपल्याच पायाला लावायची, असं त्याला वाटलं. काँक्रीट कापायचं यंत्र त्यानंच उमरग्याहून भाड्यानं आणलं.

शांताक्कानं श्वास घेतला आणि कामाचं बोलायला सुरुवात केली. चौकट आत्ताच्या आत्ता काढायची. पट्टा दोन्हीकडून हातभर फोडून सळया मोकळ्या करायच्या, नव्या जोडायच्या, पुन्हा ओतायचं, तीन आठवडे पाणी. घरभरणी पुढं ढकलायची. हे सगळं तिनं हिशेबी आवाजात सांगितलं, दुसऱ्याच्या घरात सांगते तसं. तिला वाटलं, विषय संपला.

शिवानंद म्हणाला, "न्हाय काढायची."

तो चिडला नव्हता. शांतपणे बोलत होता, आणि त्यामुळंच ते ऐकायला भयंकर होतं. "समदं गाव पडलं तवा ही उभी राहिली, अव्वा. तुझा पट्टा कुणी भूकंपात बघितलाय? हिला म्या बघितलंय. हिच्या खाली म्या वाचलो. माझी लेकरं बी हिच्याच सावलीत झोपतील. सोमवारी आमी इथं राहायला येणार."

आणि त्यानं दाखवलं, लेकरांचे पलंग कुठं ठेवणार ते. समोरच्याच खोलीत, चौकटीला लागून. दिवसा उघडं दार, वारा चांगला, आणि रात्री डोक्याशी ती.

आता शांताक्काला एक गोष्ट कळली. पट्टा ज्ञानोबानं कापला नव्हता. शिवानंदनंही नव्हता. तो तिनं कापला होता, अठ्ठावीस वर्षांपूर्वी.

शिवानंद तेव्हा पाच वर्षांचा होता. शाळेत कुणीतरी म्हणालं, तुमच्या घराच्या ढिगाऱ्यातून तू एकटाच वाचलास. तो घरी आला आणि म्हणाला, अव्वा, मी कसा वाचलो? शांताक्का चुलीपुढं भाकरी थापत होती. खरं काय ते तिच्या जिभेवर होतं. पण तिनं त्याच्याकडं बघितलं. इवलीशी मान, नाकाला शेंबूड. या मानेवर एवढं ओझं कसं द्यायचं? ती म्हणाली, चौकटीनं वाचवलं तुला. चौकट उभी राहिली, तू तिच्या खाली होतास. पोराला ते पटलं. दुसऱ्या दिवशी तो रानात गेला आणि शेडमधल्या चौकटीवर डोकं टेकवून आला. तेव्हापासून दर तीस सप्टेंबरला तो तिला विभूती लावायचा, फूल वाहायचा. लग्नानंतर राजेश्वरीला घेऊन आधी तिथंच गेला. शांताक्काला दर वर्षी वाटायचं, आता मोठा झालाय, सांगावं. आणि दर वर्षी, त्याचा मिटल्या डोळ्यांचा चेहरा बघून, राहू दे पुढच्या वर्षी.

तिनं ज्ञानोबाकडं बघितलं. भूकंपाच्या दिवशी ढिगारा उपसणाऱ्यांत तो होता. त्याला सगळं माहीत होतं.

"तू तरी बोलायचं व्हतंस," ती म्हणाली.

"बोललो असतो तर ते सांगावं लागलं असतं, अक्का," ज्ञानोबा म्हणाला. "ते सांगायचा हक माझा न्हाय. दोन दिस म्या न्हाय न्हाय म्हणत राहिलो. तिसऱ्या दिशी ह्यो चौकटीवर डोकं ठिवून रडला. मग मला राहवलं न्हाय. म्हणलं, तुमी आल्यावर ठोकाल आणि तुमालाच कळंल."

शिवानंद एकदा हिच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत होता. काय सांगावं लागलं असतं, त्यानं विचारलं.

शांताक्का वाळूच्या ढिगावर बसली. गुडघा वाकत नव्हता, पाय तसाच ताठ पुढं पसरला. राजेश्वरीला तिनं लेकरांना घेऊन जुन्या खोलीत जायला सांगितलं, आणि राजेश्वरी गेली. मग अक्का बोलली. मोठ्या आवाजाची बाई, पण ऐकायला शिवानंदला खाली वाकावं लागलं.

"चौकटीखाली तू सापडला न्हाईस, शिवा. चौकटीखाली कुणीच न्हवतं. तू आत व्हतास, चौकटीपासनं तीन हातांवर. तुझी बहीण तुला वढत आणत व्हती दाराकडं. तितक्यात माळवद आलं. ती तुझ्यावर वाकली. हात असे टेकून. दुपारी आमी दगडं काढली तर वरती ती व्हती आणि खाली तू. तुझ्या अंगावर खरचटलंसुदिक न्हवतं. तिच्या पाठीवर तुळई व्हती."

शिवानंदला एवढंच माहीत होतं, की बहीण होती आणि ती बाबांबरोबर आतल्या खोलीत दगावली. त्यानं ज्ञानोबाकडं बघितलं. ज्ञानोबानं मान हलवली. खरं आहे, ह्या हातांनी काढलंय, असं काहीतरी तो पुटपुटला.

शिवानंद चौकटीकडं बघत उभा राहिला. रंग उडालेल्या चेहऱ्यानं, जणू चौकटच त्याला काहीतरी लागट बोलली होती. शांताक्काला भीती वाटत होती की तो रडेल, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती की तो रडणार नाही.

"ती किती वर्षांची व्हती?" त्यानं विचारलं.

"नऊ."

"नऊ," तो म्हणाला. त्याची थोरली मुलगी आठ वर्षांची होती, आणि आता जुन्या खोलीतून तिचा धाकट्यावर ओरडण्याचा आवाज येत होता. "अव्वा, इतकी वर्सं म्या लाकडाच्या पाया पडलो. तू बघत व्हतीस. दर साली बघत व्हतीस. तिचं नाव एकदा तरी घ्यायचं."

चूक झाली, हे म्हणायलाही शांताक्काची जीभ उचलेना, कारण चूक म्हणण्याइतकी ती लहान गोष्ट नव्हती. नावाचंही एक वेगळंच होतं. पोरीला सासूचं नाव ठेवलेलं, लक्ष्मम्मा. सासूचं नाव सुनेनं तोंडानं घ्यायचं नसतं, म्हणून शांताक्का लेकीला नऊ वर्षं नुसतं पोरी म्हणून हाक मारत आली होती. आपल्या लेकीचं नाव आपल्या तोंडून आजवर एकदाही गेलेलं नाही, हे तिला आत्ता, या वाळूच्या ढिगावर, पहिल्यांदा कळलं.

शिवानंद आत गेला. स्वामींना फोन लावून सोमवारचं रद्द म्हणाला. का, ते सांगितलं नाही. मंडपवाल्यालाही तसंच. मग बाहेर येऊन ज्ञानोबाला म्हणाला, "काढा ती."

ज्ञानोबानं पहार घेतली. दोघांनी मिळून चौकट सोडवली. तासाभराचं काम होतं, पण बसवताना ज्ञानोबानं इतकी चोख बसवली होती की दोन तास गेले. शांताक्का ढिगावरून हलली नाही. एरवी कुणाचं काम चालू असताना ती शंभर सूचना करते. आज एकही नाही. चौकट निघाली आणि समोर नुसतं भगदाड राहिलं, दोन्ही बाजूंना कापलेल्या सळया. शिवानंद हात झटकत तिच्याजवळ आला आणि वाळूवर बसला.

"दिसायला कशी व्हती ती?" तो म्हणाला. "फोटो हाय का कुठं?"

फोटो नव्हता. घरातला एकमेव फोटो भिंतीबरोबर गेला होता. शांताक्कानं सांगायला तोंड उघडलं आणि तिला धक्का बसला. काही आलंच नाही. हिरव्या फुलांचा फ्रॉक आठवला, तो तिनंच शिवला होता. पायातल्या पैंजणाचा तुटका घुंगरू आठवला. तो शेवटचा दुपारचा ढिगारा आठवला. पण चेहरा? डोळे कसे होते, नाक कसं होतं, हसली की काय व्हायचं? जिभेवर आलेली पोर तिनं इतक्या वर्षांत इतक्या वेळा मागं ढकलली होती, की ती आता बोलावल्यावर येईना. तालुक्यातल्या कुठल्याही घराच्या भिंतीत काय भरलंय ते ती डोळे मिटून सांगू शकली असती. लेकीचा चेहरा तिला सांगता येईना. तिनं पुन्हा डोळे मिटले, पुन्हा उघडले. शिवानंद वाट बघत होता.

"मला…" ती म्हणाली आणि थांबली. "शिवा, मला आठवंना."

पहार हातात घेऊन उभा असलेला ज्ञानोबा हळूच खाली बसला. पहार त्यानं बाजूला ठेवली.

"सावळी व्हती," तो म्हणाला. "नाक अक्कावानीच, जरा बसकं. हसली की डावीकडचा दात अर्धाच दिसायचा, बोराची बी फोडताना तुटलेला. तुला कडंवर घ्यायची तर तिला सोताला वाकडं व्हऊन चालाय लागायचं. आमी पोरं चिडवायचो, ठिव त्याला खाली. ठिवायची न्हाय."

शिवानंद ऐकत होता. शांताक्काही पुढं वाकून ऐकत होती, एखाद्या परक्या घरातल्या पोरीची हकिगत ऐकावी तशी, आणि ज्ञानोबा जरा थांबला की म्हणत होती, "मग?"